दाबलं की चालू, सोडलं की बंद

इंदूरला मल्हारगंजात एका अरुंद जिन्याच्या वर माझं दुकान आहे. तिथे मी लॅपटॉपचे मदरबोर्ड दुरुस्त करते. नवं गिऱ्हाईक जिना चढून येतं, आत डोकावतं, मला बघतं, मग माझ्या मागे बघतं आणि विचारतं, "भिया कुठे गेले?" भिया म्हणजे आमच्या इंदुरी बोलीतला भैया. मी म्हणते, "मीच भिया. बोला." काही जण हसतात. काही जण लॅपटॉप पोटाशी धरून "बाद में आता हूँ" म्हणत उतरतात आणि थोड्या वेळाने परत येतात, कारण खालचा पानवाला त्यांना सांगतो की भिया म्हणजे त्या बाईच. आता माझे केस पिकले, मायक्रोस्कोपला डोळे लावले की पाणी येतं, तरी हाक तीच आहे. मला ती आवडते, खोटं कशाला बोलू.

या धंद्यात गिऱ्हाईक आजार सांगत नाही, शपथा घेतं. "कुछ नहीं किया भिया, बैठे बैठे बंद हो गया." कीबोर्ड उचलला की खाली सेव, पोह्यांवरचा जिरावण मसाला आणि सुकून चिकट झालेला चहा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर जिन्यात रांग लागते. आदल्या दिवशी यंत्रांची पूजा म्हणून लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलेलं असतं आणि घरातल्या कोणीतरी मोठ्या भक्तीने फुलाने पाणी शिंपडलेलं असतं. मग तो ओला लॅपटॉप तांदळाच्या डब्यात पुरतात. तांदूळ काही करत नाही हो, नुसता फटीत जाऊन बसतो. मी ओरडते, ते मान खाली घालतात, आणि पुढच्या दसऱ्याला परत तेच.

"चालू होत नाही" हा काही एकच आजार नाही. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना सांगते. बटण दाबलं की वीज बोर्डभर एकदम पसरत नाही. आधी चार्जरची वीज दारातून आत येते, मग लहान लहान वाटा एकामागून एक उघडतात, आणि प्रत्येक वाट उघडली की पुढचीला खूण देते. मधल्या एकीने खूण दिली नाही की सगळं ठप्प. मी चार्जर बाजूला ठेवते आणि टेबलावरच्या सप्लायमधून बोर्डाला वीज देते. बोर्ड किती करंट ओढतो त्याचा आकडा सप्लायवर दिसतो. आकडा शून्यावरच राहिला तर वीज दाराबाहेर अडली आहे. एकदम वर गेला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आणि आकडा वर जातो, पडतो, परत जातो, परत पडतो, तेव्हा बोर्ड उठायचा प्रयत्न करत असतो आणि त्याला उठता येत नसतं. हा तिसरा प्रकार मला बघवत नाही.

आमच्या धंद्यात एक पाप चालतं, तेही सांगून टाकते. बोर्डावरची मोठी चिप खाली कथलाच्या बारीक ठिपक्यांवर बसलेली असते. ते ठिपके तडकले की बोर्ड मेल्यासारखा होतो. मग काही दुकानदार वरून गरम हवेची बंदूक धरतात. याला हीट मारणं म्हणतात. ठिपके थोडेसे वितळतात, लॅपटॉप चालू होतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि काही दिवसांनी तो परत मरतो, या वेळी आधीपेक्षा वाईट. हीट मारलेला बोर्ड मी वासावरून ओळखते. मुळ्येकाकांच्या लॅपटॉपला तो वास होता.

मुळ्येकाका म्हणजे इंदूरच्या मराठी लग्नांतले मंगलाष्टकवाले. दिवसा पलासियाला एका दवाखान्यात नोकरी करायचे, पण ती त्यांची खरी ओळख नव्हे. हॉलचा माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला त्यांचं "सावधान" ऐकू जायचं. माझ्या लग्नातही तेच होते. अंतरपाटामागे त्या आवाजाने मला उभं ठेवलं होतं.

तर भर उन्हाळ्याच्या दुपारी दोघं नवराबायको जिना चढून आली. काकांनी तोंडाभोवती उपरणं गुंडाळलं होतं आणि नाकातून एक नळी बाहेर आली होती. मी ओळखलं ते काकूंवरून.

"या काका, बसा," मी म्हणाले. ते बसले. बोलले नाहीत.

"बोलता नाही येत त्यांना," काकू म्हणाल्या. "कॅन्सर होता ना तोंडाचा. जीभ काढली पूर्ण. जबडा पण अर्धा."

खिशात तंबाखूची डबी ठेवून मंगलाष्टकं म्हणणारे काका मी पाहिलेले होते. सगळ्यांनीच पाहिलेले होते, आणि कोणीच त्यांना काही बोललं नव्हतं.

काकूंनी मग सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं की आवाज जाणार. तेव्हा काका दार बंद करून लॅपटॉपसमोर बसले आणि रोज लागणारी वाक्यं एकेक करून बोलून ठेवली. पाणी दे. पंखा लाव. कोण आलंय? जेवलीस का? एकेक वाक्य साधं, रागाचं, लाडाचं, असं तीन तऱ्हांनी. त्या वाक्यांची बटणं स्क्रीनवर केली. ऑपरेशननंतर ते बटण दाबायचे आणि घरात त्यांचाच आवाज यायचा.

"आणि आता लॅपटॉपच बंद पडला," काकू म्हणाल्या. "किती दिवस झाले, घर एकदम चुपचाप पडून राहिलंय बघ."

"कसा बंद पडला?"

"यांना नळीतून दूध देते ना मी, ते सांडलं."

"असं कसं सांडलं, काकू?"

"सांडलं," म्हणून त्या भिंतीकडे बघायला लागल्या.

पाण्यापेक्षा दूध वाईट. पाणी सुकतं, दूध सुकून खाली बसतं आणि आतल्या आत बोर्ड खातं. मी झाकण उघडलं आणि तो वास आला. "हीट कोणी मारली याला?" मी इतक्या जोरात विचारलं की काका दचकले. आधी दुसऱ्या एका दुकानात नेला होता, तिथे एका संध्याकाळी चालू करून दाखवला, घरी येईपर्यंत परत बंद. मला त्या माणसाचे हात तोडावेसे वाटले.

"काका, घरोघरी लग्नांचे व्हिडिओ असतील की तुमचे," मी आपलं धीर द्यायला म्हणाले.

"त्यात 'शुभमंगल सावधान' आहे गं," काकू म्हणाल्या. "'जेवलीस का' कुठाय त्यात?"

मग त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह काढला. दवाखान्यात जायच्या आधी काकांनी सांगितलं होतं, सगळं यावर घेऊन ठेव. "मी घेतलं होतं बरोब्बर. देवघरात ठेवला होता जपून." मी तो माझ्या मशीनला लावला. आत एक फोल्डरचं चित्र होतं आणि त्याच्या कोपऱ्यात एक बारीक बाण. आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी असा पेनड्राइव्ह घेऊन येतं. तो बाण असला की ते फोल्डर नसतं, फोल्डर कुठे आहे ते सांगणारी नुसती पाटी असते. काकूंनी पाटी देवघरात ठेवली होती. मला हे त्यांना सांगावं लागलं, आणि सांगताना मी काकांकडे बघितलं नाही.

जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्याला लावता यायची. या पातळ मशीनमध्ये तसं काही नसतं. साठवणीची चिप बोर्डावरच चिकटवलेली, तिला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या मोठ्या चिपच्या पोटात. म्हणजे आवाज हवा तर हाच बोर्ड, याच चिपसकट, एकदा तरी उठला पाहिजे. दुसरा रस्ता नव्हता.

बोर्ड धुतला, दुधाचा पिवळा थर निघाला. सप्लाय लावला तर आकडा एकदम वर. शॉर्ट. तो शोधायची आमची रीत सोपी आहे. बोर्डावर स्पिरिट पसरायचं आणि अगदी थोडी वीज सोडायची. जिथे शॉर्ट असतो तिथे गरम होतं आणि तिथलं स्पिरिट सगळ्यांत आधी उडतं. मोहरीएवढा एक कपॅसिटर, वीज साठवणारा बारीक भाग, कोरडा पडला. तो काढला. आकडा खाली आला, पहिल्या वाटा उघडल्या, आणि मी "चलो" असं मोठ्याने म्हणाले. काकूंनी हात जोडले. मग बटण दाबलं. आकडा वर गेला, पडला. परत वर गेला, परत पडला.

हीट मारल्याने मोठ्या चिपचा एक कोपरा सुटला होता. मी चिपवरच्या तांब्याच्या पट्टीवर शाळेतलं खोडरबर ठेवलं आणि त्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबलं. आकडा वर गेला आणि वरच राहिला. स्क्रीन उजळली. अंगठा उचलला, गेली. दाबलं की चालू, सोडलं की बंद.

आता दोन गोष्टी करता येत होत्या, आणि त्या मी दोघांना समोर बसवून सांगितल्या. एक, चिप पूर्ण उतरवायची, खालचे ठिपके नव्याने बसवायचे आणि परत लावायची. जमलं तर सगळं मिळेल, लॅपटॉपही चालेल. पण हा बोर्ड आधीच मार खाऊन वाकलाय. चिप उतरताना गेली तर किल्ली गेली, आणि मग एक शब्दही मिळणार नाही. दुसरं, मी अंगठ्याने दाबून धरायचं आणि तेवढ्या वेळात जे निघेल ते काढून घ्यायचं. त्यात किती निघेल याचा भरवसा नाही, आणि दाबून दाबून चिप मरणार हे नक्की.

काकांकडे मुलांची असते तसली लिहायची पाटी होती, बटण दाबलं की पुसणारी. त्यांनी तिच्यावर लिहिलं, "थोडं मिळालं तरी चालेल. सगळं जायला नको."

मी खोडरबर ठेवलं आणि दाबलं. काकू माउस घेऊन बसल्या. लॅपटॉप उठायला लागला आणि मधेच गेला. परत. परत मधेच गेला. आतला पंखा दुधाने आधीच गेलेला होता, त्यामुळे तांब्याची पट्टी तापत होती आणि खोडरबर मऊ पडायला लागलं होतं. शेवटी एकदा डेस्कटॉप आला. काकूंनी भराभर तीनचारदा क्लिक केलं, पण फोल्डर उघडेना.

"काकू, घाई नको. उघडलं? सगळं एकदम निवडा. आता धरा आणि पेनड्राइव्हमध्ये सोडा."

काकांनी प्रत्येक आवाजाला त्यातल्याच शब्दांचं नाव दिलं होतं, आणि मशीनने ती नावं अआइई अशी लावून ठेवली होती. त्याच ओळीने ती निघाली. अगं. आत ये. उजेड कर. औषध. कोण आलंय. गरम होतंय. जेवलीस का. एकेक नाव खिडकीत यायचं आणि पुढे सरकायचं. मशीन जीव गेल्यासारखं हळू चाललं होतं. माझा अंगठा भाजत होता आणि खोडरबर एका बाजूला पसरलं होतं. मी बहुतेक "आई गं" म्हणाले असेन, कारण काका उठले, टेबलाच्या या बाजूला आले आणि त्यांनी आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवून दाबला. बराच जोर होता त्यांच्यात अजून.

थांब. दार लाव. नको. पंखा लाव. पाणी दे. पुरे.

आणि स्क्रीन काळी झाली. मी दाबलं, काकांनी दाबलं. सप्लायचा आकडा शून्यावर बसला तो हलला नाही.

पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लावला. "पुरे"च्या पुढचं काही आलं नव्हतं. जे आलं होतं ते सगळं शाबूत होतं. मी ते काकांच्या मोबाइलवर टाकलं, बटणं करून दिली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी "पाणी दे" दाबलं. माझ्या त्या कोंदट खोलीत मुळ्येकाका बोलले, घरातल्यासारखे, थोडे खेकसून. काकू एकदम उठून पाण्याची बाटली शोधायला लागल्या आणि मग परत खाली बसल्या.

"काका," मी म्हणाले, "आता गमवायला काही उरलं नाही. चिप उतरवून बघू का एकदा?"

ते मोबाइलवर बोट फिरवत राहिले. यादी वरून खाली गेली, खालून वर आली, परत खाली. "पुरे"पाशी संपली. मग त्यांनी माझ्याकडे बघून नुसती होकाराची मान डोलावली. तेव्हा मला कळलं की ते काय शोधत होते. ह अगदी शेवटी येतो. त्यांच्याकडे "नको" तिन्ही तऱ्हांचं होतं, आणि "हो" एकही नव्हतं.

चिप मी उतरवली, नवे ठिपके बसवले, पुन्हा लावली. माझ्या हातात होतं नव्हतं ते सगळं त्या बोर्डावर ओतलं. तो उठला नाही. मेलेला बोर्ड मी सहसा भंगारात देते. तो मात्र काकूंना परत दिला, त्यांनी मागितला म्हणून. अजूनही माझ्या मनात येतं की यादी उलटी लावायची बुद्धी मला का झाली नाही, शेवटून सुरू केलं असतं तर काय गेलं असतं. तर "अगं" गेलं असतं, "जेवलीस का" गेलं असतं, दुसरं काय.

पावसाळा संपता संपता मी परदेशीपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. काका आतल्या खोलीत होते. आजार परत आला होता, आणि डॉक्टरांनी आता काही करायचं नाही असं सांगितलं होतं. काकूंनी मला बाहेर बसवलं आणि माझा अंगठा हातात घेऊन बघितला. तिथली कातडी अजून गुळगुळीत आहे, गरम-थंड कळत नाही.

"तुला एक सांगायचं राहिलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "दूध कसं सांडलं ते."

"जाऊ दे ना काकू."

"ऐक. लग्न झाल्यापासून यांनी मला नावाने हाक नाही मारली कधी. आमच्यात नव्हतंच ते. 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का', बस. दवाखान्यातून घरी आले आणि पहिलं बटण दाबलं ना, ते 'हेमा'. मी किचनमध्ये होते. मला वाटलं कोण आलं बाहेर! दारात जाऊन बघून आले मी. मग कळलं की हेच. दार बंद करून बसले होते तेव्हा बोलून ठेवलं होतं. तोंड होतं तेव्हा नाही बोलले समोर, आणि मशीनमध्ये बोलून ठेवलं." त्यांनी डोळे पुसले. "मग रोज दाबायचे, मुद्दाम, मला लाजवायला. या वयात! त्या दिवशी माझ्या हातात दुधाची वाटी होती, आणि यांनी हळूच हात नेला आणि दाबलं. मला हसू आलं. हात हलला, सगळी वाटी त्याच्यावर. हसू आलं ना गं मला."

मी त्यांचा हात धरून बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आता आमचे जावई आले होते बंगलोरहून," थोड्या वेळाने काकू म्हणाल्या. "राहिलेल्या वाक्यांवरून त्यांनी कम्प्युटरकडून यांचा आवाज बनवून घेतला. आपण लिहू ते बोलतो. 'हो' म्हणतो. 'हेमा' पण म्हणाला. हुबेहूब, फरकच नाही. यांनी ऐकून घेतलं आणि 'नको' दाबलं. जावई म्हणाले, पप्पा, आपकीच तो आवाज है. परत 'नको'. रागाचं वालं."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला पण नकोच होतं. आवाज यांचा होता गं. पण हे म्हणाले नव्हते ना."

आतून आवाज आला, "अगं."

"आले, आले," म्हणत काकू उठल्या. मीही निघायचं म्हणून त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. काका उशीला टेकून बसले होते, मोबाइल पोटावर. काकू त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या तरी त्यांनी परत बटण दाबलं. "अगं." काकूंनी पाण्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. काकांनी मान हलवून नाही म्हटलं आणि काकूंच्या तोंडाकडे बघत अजून एकदा दाबलं.

"कळलं हो," काकू म्हणाल्या. "कळलं मला."